गावचा प्रश्न विधिमंडळात न्यायचाय? अधिवेशनाच्या आधी, अधिवेशनात आणि नंतर काय करायचं

आमदारांना निवेदन दिलं, फोटो काढला आणि पुढे काहीच झालं नाही, हा अनुभव गावोगाव आहे. यातली बरीचशी निवेदनं अर्धवट माहितीची असतात आणि चुकीच्या वेळी दिलेली असतात. आमच्या भागातल्या एका रखडलेल्या पुलासाठी पाठपुरावा करताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

बाकी सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधी सांगतो. प्रश्न सभागृहात पुकारला जातो तोवर त्याचं मोठं काम होऊन गेलेलं असतं. आमदारांनी दाखल केलेला प्रश्न स्वीकृत झाला की तो विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या विभागाकडे जातो. तिथून अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता, उपविभाग असं करत शेवटी तुमच्या शाखा अभियंत्याच्या टेबलावर येतो. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, कागद बाजूला सारता येत नाही. त्याचं उत्तर ठरल्या तारखेला मंत्र्यांच्या हातात असावंच लागतं. महिनोन्‌महिने न हललेली फाईल त्या आठवड्यात उघडते, आणि ती उघडेल तेव्हा तुमचे कागद तिच्यात असले पाहिजेत. त्यामुळे खरी तयारी अधिवेशनाच्या आधीची.

१. प्रश्न नेमका कोणाचा आहे ते शोधा

इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. "आमच्या गावचा रस्ता खराब आहे" हे वाक्य पुरत नाही. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणजे मंत्रालयात ते ग्रामविकास विभागाखाली येतात. बांधकाम मंत्र्यांना ग्रामीण मार्गाबद्दल विचारलं की प्रश्न त्यांच्या विभागाशी संबंधित नाही एवढंच कळतं आणि अधिवेशन हातचं जातं. बांधकाम उपविभागात किंवा पंचायत समितीच्या बांधकाम शाखेत जाऊन रस्त्याचा वर्ग आणि क्रमांक लिहून घ्या.

रेल्वे फाटक, टपाल कार्यालय, मोबाइल टॉवर, राष्ट्रीय महामार्ग हे केंद्राचे विषय आहेत. त्यासाठी खासदारांकडे जा. न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणावर सभागृहात प्रश्न घेतला जात नाही, म्हणून भूसंपादनाचा किंवा ठेकेदाराचा दावा सुरू आहे का हे आधी विचारून घ्या.

प्रत्येक गोष्ट विधानभवनापर्यंत न्यायची गरजही नसते. एखादी शाळाखोली, स्मशानभूमीची शेड, वस्तीतला छोटा रस्ता अशी कामं आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून होऊ शकतात. २०२२ मध्ये हा निधी दर आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपये झाला. आमदारांचं शिफारसपत्र जिल्हा नियोजन कार्यालयात जातं. तहसील किंवा जिल्हा पातळीवर अडलेल्या कामासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. या पायऱ्या आधी करून पाहा. त्यांचे कागद पुढे कामाला येतात.

२. सदस्य ओळखा: २८८ आणि ७८

महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत. विधानसभेत २८८ आमदार आहेत आणि सगळे थेट लोकांमधून निवडून येतात. विधान परिषदेत ७८ जण आहेत. त्यातले ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त. परिषद कधी विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत ६ वर्षांची असते आणि दर २ वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

बहुतेक लोक फक्त आपल्या मतदारसंघाच्या आमदाराचा विचार करतात. खरं तर तुमच्यासाठी बोलू शकणारे किमान चार सदस्य आहेत: विधानसभेचा एक, पदवीधरांचा एक, शिक्षकांचा एक आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा एक. शाळेचा, शिक्षकभरतीचा, अनुदानाचा विषय असेल तर शिक्षक आमदाराला तो तोंडपाठ असतो. परिषदेला दुय्यम समजू नका. वि. स. पागे १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती होते आणि ज्या रोजगार हमीने दुष्काळात लाखो घरांना हात दिला, तिची कल्पना त्यांची. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला.

दोन सापळे लक्षात ठेवा. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तर देणाऱ्या बाजूला असतात. त्यांच्याकडून काम थेट मंजूर करून घ्यायचा प्रयत्न करा आणि प्रश्नासाठी शेजारच्या मतदारसंघातला किंवा परिषदेतला सदस्य गाठा. दुसरा सापळा म्हणजे "आपला आमदार विरोधी पक्षातला, त्याचं कोण ऐकणार?" हा समज. प्रश्न विचारण्याचा हक्क दोन्ही बाकांना सारखाच आहे. सांगोल्यातून ११ वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख बहुतेक काळ विरोधी बाकांवरच होते, आणि दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी ते तिथूनच भांडत राहिले.

एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं असू शकतात. वेगवेगळ्या पक्षांचे दोन-तीन आमदार एका प्रश्नावर आले तर फार बरं. कोणा एकाच्या श्रेयाचा विषय राहत नाही.

३. तारखा आधी पाहा

वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये अर्थसंकल्पी, जून-जुलैमध्ये पावसाळी आणि डिसेंबरमध्ये हिवाळी. पहिली दोन मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरच्या अधिवेशनाचं मूळ २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. अपवादही झाले आहेत: २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपुरात झालं, आणि करोनाच्या काळात २०२० व २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली. दोन अधिवेशनांमध्ये ६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर असू नये, हे संविधानाच्या अनुच्छेद १७४ मध्येच आहे.

तुमच्या कामाची तारीख मात्र अधिवेशन सुरू होण्याची नसते. आमदारांनी तारांकित प्रश्न देण्याची मुदत त्याच्या कितीतरी आठवडे आधी संपते. "सोमवारपासून अधिवेशन आहे" अशी बातमी वाचून शुक्रवारी निवेदन घेऊन गेलात तर तारांकित प्रश्नाची वेळ निघून गेलेली असते. मग लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा एवढंच उरतं (हे काय ते पाचव्या भागात सांगतो). म्हणून एक अधिवेशन संपलं की पुढच्याची तयारी सुरू करायची. आमदारांच्या स्वीय सहायकाला विचारा, "प्रश्न देण्याची शेवटची तारीख कोणती?" हा एक प्रश्न विचारला की समोरच्यालाही कळतं, हा माणूस तयारीने आलाय.

विधिमंडळाचं संकेतस्थळ एमएलएस डॉट ओआरजी डॉट इन असं आहे. सदस्यांची यादी, अधिवेशनाची तात्पुरती दिनदर्शिका, रोजचा कामकाजाचा क्रम, प्रश्नोत्तरांच्या याद्या असं बरंच तिथे मिळतं. बहुतेक मराठीत आहे.

४. कागद जमवा

आमदारांकडे रोज गठ्ठ्याने निवेदनं येतात. त्यातलं कोणतं सभागृहात नेता येईल हे कागदांवर ठरतं. एवढं तरी जमवा:

- ग्रामसभेचा ठराव, क्रमांक आणि तारखेसह. मासिक सभेच्या ठरावापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला वजन जास्त.
- आतापर्यंत केलेल्या सगळ्या अर्जांच्या पोच. आवक क्रमांक आणि शिक्का नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं.
- रस्ता, पूल, तलाव, उपकेंद्र जे असेल त्याचं नेमकं नाव, क्रमांक, गाव, तालुका.
- कामाला मान्यता मिळालेली असेल तर प्रशासकीय मान्यतेचा दिनांक आणि रक्कम, कार्यारंभ आदेश, काम पूर्ण करण्याची मुदत, आतापर्यंत दिलेली देयकं.
- तारखेसह फोटो आणि स्थानिक वर्तमानपत्रांतली कात्रणं.

या यादीतल्या चौथ्या मुद्द्यासाठी, म्हणजे मान्यता आणि देयकांच्या कागदांसाठी, माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, ती प्रश्न देण्याच्या तारखेतून मागे मोजा. अर्जात "काम का रखडलं?" असं विचारू नका. "का" ला उत्तर देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. "कार्यारंभ आदेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, मुदतवाढ दिली असल्यास त्या आदेशाची प्रत" असं कागदाचं नाव घेऊन मागा.

एवढं हाती आल्यावर सगळ्याचं एका पानाचं टिपण करा. वर विषय, मग तारीखवार घडलेलं, मग नेमकी मागणी. जोडपत्रं मागे लावा. पान एकच, कारण आमदार ते गाडीत वाचतात आणि सहायकाला त्यावरूनच प्रश्न लिहायचा असतो.

५. कोणतं आयुध वापरायचं

सदस्यांच्या हातातल्या या साधनांना संसदीय आयुधं म्हणतात. आपल्या कामाची एवढी:

तारांकित प्रश्न. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री तोंडी उत्तर देतात आणि सदस्य उपप्रश्न विचारतात. तासाभरात मोजकेच प्रश्न होतात. आपला पुकारला गेला नाही तरी छापील यादीत त्याचं लेखी उत्तर असतं, आणि पाठपुराव्यासाठी आपल्याला तेच हवं असतं.

अतारांकित प्रश्न. फक्त लेखी उत्तर. आकडेवारी हवी असेल, जिल्ह्यात किती पदं रिक्त, किती कामं अपूर्ण, तर हाच चांगला.

लक्षवेधी सूचना. विधानसभेत नियम १०५, परिषदेत नियम १०१. ताजा आणि तातडीचा विषय लागतो. पूल खचला, दवाखान्यात सर्पदंशावरची लस नव्हती, पिकाचे पंचनामे झाले नाहीत, असं काही. मंत्र्यांचं निवेदन सदस्यांना आधी वाटलं जातं आणि त्यावर उपप्रश्न होतात. सभागृहातच आश्वासन मिळवायला याच्याइतकं चांगलं साधन नाही असं माझं मत आहे. प्रश्नाला जिथे "खरे नाही" म्हणून सुटता येतं, तिथे लक्षवेधीत दोन-तीन सदस्य उभे राहिले की मंत्र्यांना काहीतरी ठोस बोलावं लागतं.

अर्धा तास चर्चा. आधी दिलेल्या उत्तराने समाधान झालं नाही तर त्याच विषयावर. हिच्याकडे फारसं कोणी वळत नाही. अपुरं उत्तर हाती आलं की आमदारांना जरूर सुचवा.

औचित्याचा मुद्दा. थोडक्यात विषय मांडला जातो. तिथल्या तिथे उत्तराची अपेक्षा ठेवू नका. मुदती हुकल्या असतील तेव्हाचा हा पर्याय.

स्थगन प्रस्ताव, नियम २९३ खालची चर्चा, अंतिम आठवडा प्रस्ताव हे राज्यभराच्या मोठ्या विषयांसाठी आहेत. अशा चर्चेत तुमच्या गावाचं उदाहरण यावं म्हणून टिपण देऊन ठेवा, मात्र सगळी भिस्त त्यावर नको.

अधिवेशन संस्थगित झालं, म्हणजे औपचारिकरीत्या संपलं, की न घेतलेल्या सूचना आपोआप पुढच्या अधिवेशनात जात नाहीत. नव्याने द्याव्या लागतात.

६. प्रश्नाचा मसुदा स्वतः लिहून द्या

मसुदा तयार असला की सहायकाचं काम हलकं होतं आणि तुमचा प्रश्न आधी जातो. साचा ठरलेला आहे: "सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय", आणि खाली क्रमाने पोटप्रश्न. पहिला, "अमुक पुलाचे काम अमुक महिन्यापासून बंद असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय". दुसरा, "असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले". तिसरा, "असल्यास, काम पूर्ण करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे". शेवटचा, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत".

यात पहिला पोटप्रश्न सगळ्यात जपून लिहायचा. त्यात एक तपशील जरी चुकीचा निघाला, महिना चुकला, रक्कम चुकली, तर "हे खरे नाही" असं उत्तर येतं आणि पुढच्या सगळ्यांना "प्रश्न उद्भवत नाही" लागतं. म्हणून जे कागदावर सिद्ध आहे तेवढंच पहिल्या पोटप्रश्नात टाका. भ्रष्टाचार झाला, संगनमत आहे, असे आरोप तिथे नकोत. काम बंद आहे एवढं निर्विवाद लिहिलं की उत्तराला "होय" म्हणावंच लागतं, आणि एकदा "होय" आलं की खालच्या पोटप्रश्नांना उत्तर द्यावं लागतं. मसुदा देण्याआधी गावातल्या निवृत्त शिक्षकाकडून किंवा तलाठी-ग्रामसेवकाचं काम पाहिलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

विधानसभेच्या कागदावर अध्यक्ष आणि परिषदेच्या कागदावर सभापती, एवढंही पाहून घ्या.

७. अधिवेशन चालू असताना

विधानभवनात जाऊन बसण्याची इच्छा सगळ्यांनाच असते. आधी चौकशी केल्याशिवाय निघू नका. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनात कार्यकर्त्यांची हाणामारी झाली आणि त्यानंतर अभ्यागतांच्या प्रवेशावर कडक निर्बंध आले. गॅलरीचे पास त्या वेळी मिळतात का, हे आमदारांच्या कार्यालयातून पक्कं करून घ्या. मंत्रालय वेगळं आणि विधानभवन वेगळं. मंत्रालयासाठी डिजी प्रवेश या ॲपवर नोंदणी लागते. सोबत मूळ ओळखपत्र हवंच.

पास मिळाला नाही तरी काही अडत नाही, कामकाज थेट प्रक्षेपणात पाहता येतं. आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी कामकाजाचा क्रम पाहा आणि आपला विषय कितव्या क्रमांकावर आहे ते सहायकाला कळवा. सभात्याग किंवा गदारोळ होऊन कामकाज तहकूब झालं तर विषय राहून जातो. अशा दिवशी संध्याकाळीच आमदारांना आठवण करायची.

नागपूरला जाणार असाल तर विदर्भाबाहेरच्यांसाठी एक सूचना. मंत्री रविभवनात, आमदार बहुतेक सिव्हिल लाइन्समधल्या आमदार निवासात असतात. सकाळी लवकर भेट होते, कामकाज सुरू झाल्यावर कोणी सापडत नाही. मोर्चा किंवा धरणं असेल तर पोलिसांची परवानगी आणि जागा आधी ठरवून घ्या.

८. पुरवणी मागण्यांकडे लक्ष ठेवा

मंत्र्यांनी "काम करू" म्हटलं तरी पैसा कोणत्या पानावर आहे हे विचारलं पाहिजे. नवं काम अर्थसंकल्पात यावं लागतं किंवा पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार जादा खर्चासाठी सभागृहाची मंजुरी मागतं त्यात. त्यासाठी कार्यकारी अभियंत्याकडून प्रस्ताव आणि अंदाजपत्रक वर गेलेलं असावं लागतं. हा प्रस्ताव गेला का, कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने, हे विचारत राहा. सगळे ज्याला टोकन म्हणतात अशी नाममात्र तरतूद झाली तर पेढे वाटायची घाई नको. काम पुस्तकात आलं हे चांगलंच, पण पुरेशी रक्कम पुढच्या मागण्यांत पडली नाही तर ठेकेदाराची देयकं थकतात आणि काम पुन्हा थांबतं. आमच्याकडच्या पुलाचे नुसते खांब दोन पावसाळे उभे होते ते याच कारणाने.

९. उत्तर कसं वाचायचं

उत्तराची प्रत मिळवा आणि शब्द न्‌ शब्द वाचा. "अंशतः खरे आहे" म्हणजे त्यांनी कबूल काय केलं ते शोधायचं. "कार्यवाही सुरू आहे" याला तारीख नसेल तर पुढच्या प्रश्नात ती मागायची. "तपासून पाहण्यात येईल" हे आश्वासन म्हणून धरून ठेवायचं. उत्तरातली माहिती तुमच्या कागदांशी जुळत नसेल तर दोन्ही प्रती जोडून आमदारांना लेखी द्या. सभागृहाला चुकीची माहिती देणं ही गंभीर बाब आहे आणि ती सदस्यच तिथे उपस्थित करू शकतात. हे पत्र शांत, मुद्देसूद भाषेत असावं.

१०. अधिवेशन संपल्यावर

मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला दोन्ही सभागृहांच्या आश्वासन समित्या आहेत. आश्वासनाचा दिनांक, विषय आणि मंत्र्यांचे शब्द लिहून आमदारांमार्फत समितीकडे पत्र द्या. समिती विभागाच्या सचिवांना बोलावून विचारू शकते.

विनंती अर्ज समिती हा आणखी एक मार्ग आहे. नागरिकांचा अर्ज सदस्यामार्फत सभागृहाला सादर होतो आणि तो समितीकडे जातो. जिल्हा परिषदेचा विषय असेल तर विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा जिल्हादौरा कधी आहे ते पाहा. दौऱ्यात समिती जिल्हा परिषदेच्या कारभाराची तपासणी करते आणि कामांना भेटीही देते. आपलं गाव त्यांच्या यादीत यावं म्हणून समितीच्या सदस्याला दौऱ्याच्या बरंच आधी टिपण द्यावं लागतं.

उत्तराची एक प्रत ग्रामपंचायतीत आवक नोंद करून ठेवा आणि ती पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. सरपंच बदलतात, आमदार बदलतात, शाखा अभियंत्याची बदली होते. नव्याने येणाऱ्याला दाखवायला ग्रामपंचायतीच्या कपाटात आवक क्रमांकासह तो कागद मिळाला पाहिजे.